मुरबाडला रानात घर बांधायचंय, आर्किटेक्टने परदेशी फार्महाऊस काढून दिलंय, काय करू?

घोडबंदरची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मी, नवरा, दोन मुलं आणि गेल्या वर्षीपासून आईबाबा पण. टू बीएचके. म्हणजे सकाळी बाथरूमला नंबर लावावा लागतो. बाबांची मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे वडिलोपार्जित जमीन आहे, वाटण्या होऊन आमच्याकडे बावन्न गुंठे आले. भातशेती कधीच सुटली, पंचवीस-तीस वर्षं तिकडे कुणी नांगर घातलेला नाही त्यामुळे आता नुसतं रान झालंय. ऐन, साग, मोहाची तीन झाडं, दोन म्हातारे आंबे, एक फणस, बाकी करवंदाच्या जाळ्या. मागे जमीन चढत जाते आणि एका कडेने ओढा आहे, आम्ही जातो तेव्हा कोरडाच असतो.

बाबा म्हणतात आयुष्यभर डोंबिवली फास्टला लटकलो आता आंब्याखाली खुर्ची टाकून बसू द्या. नवऱ्याच्या ओळखीतल्या एका आर्किटेक्टने थ्रीडी काढून दिलंय. पांढऱ्या उभ्या फळ्यांच्या भिंती, काळ्या चौकटीच्या मोठ्ठ्या काचा, टोकदार छप्पर, तबेल्याला असतं तसं सरकतं लाकडी दार, डबल हाइटचा हॉल आणि त्यात शेकोटी, वर तिची चिमणी. तळ अधिक एक, २८०० स्क्वेअर फूट. दिसायला जाम भारी आहे, खोटं नाही बोलणार, मी स्वतःच मोबाईलवरचे फोटो दाखवून असं पाहिजे म्हणाले होते. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि एवढंच विचारलं, "छान आहे गं, पण चपला कुठे काढायच्या?" तेव्हापासून मला ते घर नीट दिसेनासंच झालंय.

त्यात कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला, म्हणाला चाळीसेक झाडं काढू, जेसीबी लावून तीन दिवसात सपाट करून देतो, परमिशनचं टेन्शन घेऊ नका मॅडम ग्रामपंचायतीचं मी बघतो. बजेट पन्नास लाखाच्या आत बसवायचंय. कुणी असं घर बांधलंय का? कुठून सुरुवात करू? लाकूड टिकतं का तिकडच्या पावसात? झाडं खरंच काढावी लागतात का?

मोजणी_झाली_का

ताई, "ग्रामपंचायतीचं मी बघतो" हे वाक्य ऐकलं की तिथून उठायचं. मी कोपरीचा, शहापूर तालुक्यात घर बांधायला घेऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली पहिली अडीच कागदातच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

थ्रीडी बाजूला ठेवा, आधी सातबारा काढा. नवा ऑनलाइनवाला तर काढाच पण तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पण काढा, जेवढं मागे जाता येईल तेवढं. "इतर हक्क" हा जो रकाना असतो ना तो शब्द न शब्द वाचा. आपल्या ठाणे जिल्ह्यात तिथे कधी कधी खाजगी वन किंवा राखीव वन अशी नोंद बसलेली असते. १९७५ चा खाजगी वने संपादनाचा कायदा आहे त्याच्यातून हे आलंय, आणि त्याच्या मागे १९२७ च्या वन कायद्यातल्या कलम ३५(३) च्या जुन्यापान्या नोटिसा. मुलुंड-ठाणे पट्ट्यात तर लोक वर्षानुवर्षं फ्लॅटमध्ये राहत होते आणि मग कळलं की जमीन रेकॉर्डला वन आहे. शेवटी सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोदरेजच्या केसमध्ये सांगितलं की नुसती नोटीस निघाली होती एवढ्यावर जमीन वन ठरत नाही. पण ते कोर्टात. तुमच्या सातबाऱ्यावर नोंद असेल तर ती निघेपर्यंत एक वीट लावू नका, आणि तुमचं तर खरंच रान झालंय, साग-ऐन उभे आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला शंका येणारच.

दुसरं, भोगवटादार वर्ग १ (जमीन व्यवहाराला मोकळी) आहे की २ (सरकारी अटी असलेली) ते बघा. २ असेल किंवा कुळकायद्याचा शेरा असेल तर वेगळी परवानगी. तुम्ही वारस आहात त्यामुळे शेतकरी दाखल्याचा प्रश्न नाही, ते विकत घेणाऱ्यांचं दुखणं. आणि कुणी म्हणालं ना की शेजारची आदिवासी खातेदाराची दहा गुंठे पण जोडून देतो, तर अजिबात नादी लागू नका, जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आहे, कलेक्टरच्या मंजुरीशिवाय तो व्यवहारच होत नाही.

आता घराचा आकार. शेतजमिनीत शेतघर म्हणून बांधायचं तर कमीत कमी ०.४ हेक्टर लागते, म्हणजे एक एकर. तुमच्याकडे बावन्न गुंठे आहेत, तेवढ्यापुरतं बरं आहे. पण बांधकाम जमिनीच्या मानाने बेतलेलं असतं, एकराला १५० चौरस मीटर धरून चाला, म्हणजे सोळाशे स्क्वेअर फुटाच्या आसपास, तुमच्या बावन्न गुंठ्याला त्याच हिशोबाने थोडं वर. तुमचं २८०० त्यात बसत नाही. हे आर्किटेक्टने पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. मोठंच बांधायचं असेल तर एनएचं, म्हणजे जमीन बिगरशेती करायचं बघा, जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर कलम ४२ड खाली ते बरंच सोपं जायचं, आजचा नियम तहसीलला विचारून घ्या. गावठाण किती लांब आहे?

मोजणी करून घ्या. सरकारी. आमच्या बांधाचा दगड शेजाऱ्याच्या गोठ्यात निघाला होता.

घोडबंदरची_लेक

बाप रे. गावठाण किलोमीटरभर तरी लांब आहे. मोजणी कधीच झालेली नाही, बाबा म्हणतात "तो मोठा आंबा आपला, तिथपर्यंत आपलं." 😅

खाडीपलीकडचा

त्या चिमणीत चिमण्याच राहतील ताई. मुरबाडला शेकोटी कशाला, मे महिन्यात नुसतं दार उघडलं तरी हॉल तापतो.

देवगड_व्हाया_नेरुळ

वरच्यांनी कागदाचं सगळं सांगितलंय, मी छपराचं सांगतो कारण घर म्हणजे आपल्याकडे छप्परच, भिंती नंतर. माझं गाव देवगडकडे, जन्म कौलारू घरातला, आणि गेली बारा वर्षं लोकांची अशीच घरं करतोय त्यामुळे थोडं कडक लागलं तर राग मानू नका.

तुम्ही दाखवताय ते घर जिथून आलं तिथे बर्फ पडतो. छप्पर टोकदार असतं कारण बर्फ घसरून पडायला हवा, आणि छप्पर भिंतीच्या बाहेर फारसं येत नाही कारण थंडीत ऊन आत यायला हवं असतं. त्यांच्या जागी बरोबरच आहे ते. तुमच्याकडे मुरबाडला वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस, तो पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा झोडपतो. वळचण नसलेली पांढरी लाकडी भिंत म्हणजे पहिल्या जूनमध्ये खालून दोन फूट लाल मातीचे शिंतोडे, ऑगस्टमध्ये हिरवी, दुसऱ्या वर्षी फळ्या फुगून वाकड्या, तिसऱ्या वर्षी मागून वाळवी. पाइन वगैरे लावलं असेल तर तिसरं वर्ष पण बघायला मिळणार नाही. पाश्चात्य फोटोतलंच हवं असेल तर सिमेंट फायबरच्या फळ्या मिळतात पण मग ते रस्टिक कसलं, नुसता देखावा.

जोतं दोन-अडीच फूट उचला, काळ्या दगडाचं. मी देवगडचा असून सांगतो, जांभा आणू नका, इथपर्यंत वाहतुकीचा खर्च आणि फोडाफोड, आणि काळा दगड तुमच्या पायाखालीच आहे. भिंतीला वीट, भट्ट्या शहापूर-भिवंडी-कल्याण सगळीकडे आहेत. विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवतात ती पद्धत आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात खूप वापरली, रॅट ट्रॅप म्हणतात, विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात आणि भिंत तापत नाही. गवंडी मात्र ती येणारा पाहिजे नाहीतर पोकळीत सगळा माल भरून ठेवेल.

छपराला कौलं. उतार ३० अंशाच्या खाली आणू नका, कमी उतारावर वाऱ्याने पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं चढतं. आणि छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट, पश्चिमेला चार. वासे-रीपा लाकडाच्याच पाहिजेत असा हट्ट नको, लोखंडी ट्यूबचा सांगाडा करा, नीट रेड ऑक्साइड मारून, आणि जे डोळ्यासमोर येतं, हाताला लागतं, खांब, दारं, खिडक्या, झोपाळ्याची तुळई, ते जुन्या सागवानाचं. वाडे पाडतात तिथून मिळतं, ओशिवऱ्याच्या बाजारात पण मिळतं, फक्त टाचणी खुपसून बघा, आत भुसा झालेला असतो कधी कधी वरून पॉलिश.

स्लॅब तिरकी ओतून वर कौलं चिकटवतात ते करू नका. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री घरात सोडते. कौलाखालून हवा खेळली पाहिजे, म्हणून तर कौल. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ ला कारखाना काढला तेव्हापासून हे कौल अख्ख्या किनाऱ्याने पावसाशी भांडून बघितलंय, आपण नव्याने शोध लावायची गरज नाही.

आणि चपलांचं. तुमचे वडील बरोबर बोलले. त्या प्लॅनमध्ये पडवी नाहीये, दार उघडलं की थेट सोफा. पावसाळ्यात गावचा माणूस छत्री, गमबूट, चिखल घेऊन येतो, तो कुठे थांबणार? भाताचं पोतं कुठे टेकणार? पडवी आठ फूट रुंद करा, निम्मं आयुष्य तिथेच जाणार आहे तुमचं. डबल हाइटचा हॉल काढा, त्याचे पैसे पडवीला लावा.

घोडबंदरची_लेक

राग कसला दादा, सॉलिड लिहिलंय, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पण कौलं म्हटलं की आईला टेन्शन, तिच्या माहेरी माकडं उड्या मारून दरवर्षी कौलं फोडायची आणि दर मे महिन्यात शाकारणी.

कोपरखैरण्याची_सून

आई बरोबर आहेत हो! आमचं सासरचं घर कर्जतच्या बाजूला, कौलारू, आणि देवगडवाले दादा कविता छान करतात पण झाडू त्यांच्या हातात नसतो. कौलातून धूळ पडते, पाली पडतात, वरून वानरं गेली की ताटात माती. आम्ही शेवटी बेडरूम, बाथरूम आणि स्वयंपाकघरावर स्लॅब टाकली आणि ओटी-पडवी-माजघर कौलारू ठेवलं. स्लॅबवर पण कौलारू छप्परच आहे पण मध्ये माणूस वाकून जाईल एवढी पोकळी, तिथे आम्ही आंबे पिकत घालतो. गरम नाही होत.

मला वेगळंच विचारायचंय. तिथे राहणार कोण? शनिवार-रविवारचं घर आणि रोजचं घर ही दोन वेगळी घरं असतात. आमचं आधी पाच वर्षं बंद असायचं, जूनला कुलूप लावलं की गणपतीला उघडायचं, तेव्हा गाद्यांना मिशा आलेल्या, दारं फुगून उघडत नाहीत, कपाटातल्या साड्यांना बुरशी. काचा जेवढ्या मोठ्या तेवढं आत कोंदट, कारण मोठी काच उघडत नाही. सासूबाई राहायला गेल्या त्या वर्षापासून घर सुधारलं, रोज चूल पेटली आणि खिडक्या उघडल्या की झालं. आईबाबा खरंच बारा महिने राहणार असतील तर त्यांच्या वयाचं घर करा. एक मजली. जिना नकोच. संडास बेडरूमला लागून. वरचा मजला नातवंडांसाठी म्हणून बांधतात आणि मग तिथे जुने पंखे राहतात.

साप येणार हे धरून चाला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं कळत पण नाही कधी कधी. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, दाराखाली फट ठेवू नका, लाकडं आणि विटांचे ढीग घराला चिकटून नकोत. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि सापावरचं इंजेक्शन आहे का ते जूनच्या आधी विचारून या. घाबरवत नाहीये, आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही, पण एकदा घोणस चपलांच्या स्टँडमागे होती. (चपला पडवीतच काढा पण स्टँड उघडा ठेवा, मागे जागा नको!)

देवगड_व्हाया_नेरुळ

झाडूचा मुद्दा मान्य 🙏 बेडरूमवर स्लॅब आणि वर हवेशीर छप्पर याला माझी ना नाही. माकडांसाठी कौलाखाली जीआयची जाळी टाका, कौल फुटलं तरी खाली पडत नाही. सुरुवातीलाच शंभर-दीडशे कौलं जादा आणून मागे रचून ठेवा, पुढे तोच छाप मिळत नाही.

ऐरोली_साइटवर

सिव्हिलमध्ये आहे, साइटवरच असतो. सगळे घरावर बोलतायत, मी जमिनीवर बोलतो.

जेसीबी लावून सपाट करतो म्हणणाऱ्याला आधी थांबवा. मागे जमीन चढते म्हणालात. तो काय करणार, मागचा चढ कापणार आणि ती माती पुढे भरणार. म्हणजे घराचा मागचा अर्धा भाग पक्क्या जमिनीवर आणि पुढचा अर्धा भरावावर, दोन पावसाळ्यात बरोबर मधोमध तडा. आणि मागे उभी कापलेली दरड, झाडं काढल्यामुळे मुळं गेलेली, पाणी मुरलं की ती घरात येणार. तुमची टेकडी इर्शाळवाडीसारखी नाही हे मान्य, तिथे १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा डोंगरच आला, पण उतारावरची माती पाणी पिऊन जड होते आणि सुटते हे तत्त्व दोन्हीकडे एकच. घर उताराला पायऱ्यापायऱ्यांनी बसवा. पडवी खाली, माजघर दीड फूट वर, मागचं स्वयंपाकघर आणखी एक पायरी. कोपरखैरणेवाल्या वहिनी म्हणतात तसं आईबाबांचं वय बघता त्यांची खोली, संडास आणि पडवी एकाच पातळीत ठेवा, बाकीचं वर जाऊ दे.

"ओढा कोरडाच असतो" हे मी फार ऐकलंय. तुम्ही मे मध्ये जाताय. यंदा जुलैत चांगला दोन दिवस पाऊस लागला की जा, रेनकोट घालून, आणि पाणी कुठून कुठे जातं ते चुन्याने नाही राहणार, खुंट्या मारून ठेवा. एक पावसाळा बांधकाम न करता नुसतं बघण्यात घालवला तर काही बिघडत नाही, तेवढ्यात तुमचे कागद पण होतील.

झाडं. चाळीस कशाला काढायची, सोळाशे फुटाच्या घराला? मोजणीच्या नकाशावर प्रत्येक झाड मांडून घ्या, बुंधा आणि फांद्यांचा घेर दोन्ही, आणि मग मोकळ्या जागेत घर बसवा, लागलं तर काटकोन मोडा. साग, ऐन, आंबा, फणस, मोह हे सगळे १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि लाकूड बाहेर न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा. कॉन्ट्रॅक्टर तुमचा साग "साफसफाई" म्हणून फुकट नेईल आणि केस तुमच्यावर होईल. चाळीस झाडं म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर काय होतं ते मला माहितीये.

म्हातारा आंबा घरापासून निदान वीस फूट लांब राहू दे, फांदी छपरावर नको. आणि साग-ऐनाचा पाला जानेवारीपासून पडायला लागतो, त्या भागात फेब्रुवारी ते मे वणवे लागतात, कुणीतरी विडी टाकतं किंवा मुद्दाम लावतं. घराभोवती तीस फूट पाला झाडून ठेवायचा आणि हद्दीला जाळरेषा काढायची, दरवर्षी. छपराच्या पन्हाळीत पाला साठू देऊ नका, ठिणगी तिथेच बसते. लाकडी भिंतींचं घर रानात बांधताय तर हे कुणी सांगितलंच असेल ना आर्किटेक्टने? 🙂

पाण्याचं काय? बोअर मारायच्या आधी जुनी विहीर आहे का विचारा गावात. शहापूर-मुरबाडकडची गंमत अशी की भातसा-बारवीचं पाणी आपल्या ठाण्या-मुंबईला येतं आणि तिकडच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर. छपराचं पाणी धरायला टाकी पायातच करून घ्या, नंतर होत नाही.

मोजणी_झाली_का

ऐरोलीवाल्यांना +१. आणि महावितरणचा पोल किती लांब आहे ते पण बघा, आमच्याकडे पोलांचाच खर्च किचनएवढा झाला.

घोडबंदरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन आठवड्यांनी येतेय कारण तेवढं धावपळीत गेलं.

जुने सातबारे काढले. वनाची नोंद नाहीये, हुश्श. पण आजीचं नाव अजून तसंच आहे, तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि दोन आत्या वारस म्हणून लागायच्या राहिल्यात. एक आत्या कळव्याला, तिला फोन केला तर म्हणाली मला जमीन नको पण मोहाच्या झाडाखाली माझा झोका होता ते झाड तोडलंत तर सही करणार नाही. तर मोह राहतोय 😄

मोजणीचा अर्ज टाकला, अजून तारीख आलेली नाही. कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणून सांगितलं, तो चिडला, म्हणाला मॅडम नेटवर वाचून घरं होत नाहीत. आर्किटेक्टला सोळाशे फूट, एक मजली, पडवी आठ फूट असं सांगितलं तर तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला माझ्या आजोळचं घर असंच होतं. आता त्याने पेन्सिलने काढून पाठवलंय, थ्रीडी नाही. बेडरूमवर स्लॅब, पुढे कौलं. चिमणी गेली. सरकतं दार मी हट्टाने ठेवलंय, कोठीच्या खोलीला, एवढं तरी माझं असू दे.

जुलैत खुंट्या मारायला जाणार आहोत. बाबा आत्तापासून गमबूट शोधतायत, ठाणे स्टेशनबाहेर नऊ नंबर मिळत नाहीये, कुणाला माहिती असेल तर सांगा.